आधी खालच्या काकूंचं बाथरूम बघा

मे महिन्यात घर बघायला जाऊ नये. मे महिन्यात डोंबिवलीतलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. भिंती ठणठणीत कोरड्या, बुरशीचा मागमूस नाही, आणि विकायच्या आधी मालकाने मारलेल्या रंगाचा वास इतका ताजा की दुसरा कुठला वास नाकात शिरतच नाही. हे मला आता कळतं. आम्ही मात्र 2024 च्या मेमध्येच सुरुवात केली, कारण मला सुट्टी तेव्हाच असते. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, नवरा ठाण्याला नोकरी करतो, आणि चौदा वर्षं दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नवा करून करून आम्ही दोघंही कंटाळलो होतो.

नव्या टॉवरमधलं घर परवडत नव्हतं. जी नवी घरं परवडत होती ती स्टेशनपासून इतकी लांब की निम्मं आयुष्य रिक्षाच्या रांगेत गेलं असतं. म्हणून रीसेल. पूर्वेला, स्टेशनला चालत जाता येईल असं, टू बीएचके, जुनं चालेल. हे "जुनं चालेल" मी एजंटला फारच सहज बोलून गेले.

सोबत मामांना न्यायचं नव्हतं, खरं सांगते. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं बांधकामावर सुपरवायझर होते, आता गुडघ्यांमुळे कल्याणला घरीच असतात. ते जातील तिथे खोट काढतात. माझ्या लग्नाच्या हॉलमध्ये, अक्षता पडायच्या आधी, त्यांनी स्टेजमागची भिंत बोटाने वाजवून बघितली होती आणि वडिलांना म्हणाले होते, "प्लास्टर पोकळ आहे हो." वडिलांनी आयुष्यभर ते लक्षात ठेवलं. पण आईने परस्पर फोन केला आणि मामा हजर झाले. खिशात जुनं एक रुपयाचं जाड नाणं, हातात काठी, पिशवीत बॅटरी आणि टेप.

पहिलं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. लिफ्ट नाही. मामा वर पोचले ते धापा टाकतच. एजंट हॉलभर फिरून पीओपीच्या छताचं कौतुक करत होता. मध्ये गोल डिझाइन, कडेने लपवलेले पिवळे दिवे. मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मामा सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, आणि मान वर करून बघत राहिले.

"हे पीओपी कधी केलं?"

"दोन महिने झाले," मालक म्हणाले.

"आणि विकायचं कधी ठरलं?"

मालकांनी उत्तर दिलं नाही. मामांनी स्टूल मागितलं. स्वतः चढले नाहीत, माझ्या नवऱ्याला चढवलं. छतात बसवलेला तो गोल दिवा दोन स्प्रिंगच्या चिमट्यांवर अडकवलेला असतो. खाली ओढला की वायरसकट अलगद बाहेर येतो आणि मागे हाताच्या पंजाएवढं भोक राहतं. "आता मोबाइलची बॅटरी लाव, व्हिडिओ चालू कर, आणि भोकातून वर घालून हळूहळू फिरव." एवढंच सांगून मामा पुन्हा बसले.

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. बावीस सेकंदांचा. आधी काही कळत नाही, पांढरी धूळ आणि पीओपीच्या पत्र्याच्या पट्ट्या. मग कॅमेरा स्थिरावतो आणि स्लॅबची खालची बाजू दिसते. तिथे काँक्रीट असायला हवं. पण दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात काँक्रीट नाहीच, ते गळून पडलंय, आणि उघड्या सळया एकीशेजारी एक अशा दिसतात. तांबूस-तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या, मध्येच एक करंगळीएवढी बारीक झालेली. गळून पडलेल्या खपल्या पीओपीच्या पाठीवर तशाच साचलेल्या. म्हणजे ज्या सुंदर गोलाखाली आम्ही उभे होतो तो गोल त्या खपल्या झेलणारी परात होता.

"टॉप फ्लोअरला एवढं असतंच," मालक म्हणाले. बिचारे खोटं नव्हते बोलत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी स्लॅबमध्ये उतरतं, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आतून फुगलेली सळई बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडते. मी वर्गात गंजाचं समीकरण फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं जांभया देतात. आता मी हा व्हिडिओ दाखवते.

परत येताना जिन्यात मामा म्हणाले, "गळतं हा दोष नव्हे गं. गळतं ते झाकलं, हा दोष. झाकणाऱ्याने अजून काय काय झाकलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही."

त्यानंतर चार घरं झाली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकात करारावर लिहिलेलं क्षेत्रफळ आणि टेपने मोजलेलं यांत एक अख्खी खोली हरवली होती (जुन्या करारांत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं लिहिलेलं असतं, एजंट ते कार्पेट, म्हणजे आतलं वापरायचं म्हणून सांगतो). एकात बाल्कनी आत घेताना मधली भिंत पाडली होती आणि तिच्यावरच्या बीमला आडवी चीर होती. मामा त्या घरात चप्पल न काढताच परत फिरले.

सहावं घर आमचं झालं. 1994 ची इमारत, तळमजला अधिक चार, आपला मजला तिसरा. विकणारे गृहस्थ साठीचे, त्यांच्या आई पंच्याऐंशीच्या, दोघं मुलाकडे पुण्याला जाणार म्हणून विकत होते. यावेळी मामांनी आपला नियम सांगितला: विकणाऱ्याच्या घरात सगळ्यात शेवटी जायचं.

आधी इमारतीच्या मागे. पुढची बाजू सोसायटी रंगवते, मागची कोणी बघत नाही. दोन इमारतींमधली चार-पाच फुटांची बोळ, तिथे वरून टाकलेला कचरा, मांजरं, आणि भिंतीवरून खाली आलेले बिडाचे पाइप. मामांनी मला पिंपळ मोजायला लावले. पिंपळाचं रोप जिथे उगवतं तिथे पाणी झिरपतंय हे नक्की. आपण हजार रुपये देऊनही एवढी अचूक जागा कोणी दाखवणार नाही. एक रोप दुसऱ्या मजल्यापाशी होतं. दुसरं तिसऱ्या मजल्याच्या वर, पाइपाच्या जोडात, चांगलं हातभर वाढलेलं. मामांनी ते वहीत लिहून घ्यायला सांगितलं आणि मी लिहिलं. "3 रा मजला, मागे, पश्चिम, पिंपळ." ही नोंद लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

मग म्हणाले, "आता खालच्यांकडे."

"कोणाकडे?"

"दुसऱ्या मजल्यावर. आपल्या फ्लॅटच्या बरोबर खाली."

मला इतकी लाज वाटली. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन काय म्हणायचं? तुमचं बाथरूम दाखवा? पण मामांनी बेल वाजवलीसुद्धा. दार एका काकूंनी उघडलं, हाताला पीठ. मी अडखळत सांगितलं की वरचा फ्लॅट घ्यायचा विचार आहे, आणि जरा तुमचं बाथरूम बघितलं तर चालेल का.

काकूंनी दोन सेकंद आमच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "या. कोणीतरी विचारील म्हणून मी वाटच बघत होते. आत्तापर्यंत सहा जण वर जाऊन आले, एकानेही ही बेल वाजवली नाही."

त्यांच्या बाथरूमचं छत मी विसरणार नाही. एका कोपऱ्यात रंग सुटून पोपडे लोंबत होते, आणि त्यांच्यामध्ये पांढरे, टोकदार, बोटाच्या पेराएवढे चुन्याचे लोलक. प्रत्येकाच्या टोकावर एक थेंब. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणतं, हवेत त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि थेंबाथेंबाने लोलक वाढतो. गुहांमध्ये दिसतात तसेच, फक्त घरगुती आकारात. त्याखाली काकूंनी नायलॉनच्या दोरीने प्लास्टिकचा कागद तिरका बांधला होता, आणि कागदाचं टोक बादलीत सोडलं होतं. "गेल्या पावसाळ्यात वरती पाहुणे आले होते चार दिवस. आमचे हे अंघोळीला छत्री घेऊन गेले. चेष्टा नाही करत."

मग काकूंनी फाइल काढली. सोसायटीला लिहिलेली सात पत्रं, तारखेनिशी, प्रत्येकावर पोच. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नियमांप्रमाणे, गच्चीतून किंवा बाहेरच्या ड्रेनेजच्या पाइपातून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आणि वरच्याच्या संडास-बाथरूममधून गळत असेल तर ती ज्याची त्याने. त्यामुळे सोसायटीचं उत्तर सातही वेळा तेच: आपसात मिटवा. आपसात ते चार वर्षं मिटत नव्हतं. चहा झाला, पोहे झाले, आणि तासाभरात आम्हाला त्या इमारतीबद्दल जे कळलं ते एजंटला महिनाभर विचारूनही कळलं नसतं. पाणी किती वाजता येतं, टाकी कधी धुतात, चौथ्या मजल्यावरचे देखभाल खर्च भरत नाहीत, गच्चीवर 2019 मध्ये नवं वॉटरप्रूफिंग झालं.

मग आम्ही वर गेलो. आता काय बघायचं ते माहीत होतं. बाथरूमच्या फरशा नव्वदीतल्या, फिकट गुलाबी, फुलाफुलांच्या, पण त्यांच्यामधले सांधे पांढरे शुभ्र. फरशी जुनी आणि सांधा नवा असेल तर कोणीतरी नुकतंच व्हाइट सिमेंट भरून वेळ मारून नेली आहे. मामांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाणी जायच्या भोकाकडे, जायच्या ऐवजी दाराकडे आलं आणि उंबऱ्याशी तळं करून थांबलं. इतकी वर्षं दर अंघोळीला ते तिथेच थांबत होतं, आणि खाली उतरत होतं.

"काकूंनी सांगितलं ना?" विकणारे गृहस्थ म्हणाले. चिडून नाही, सुटका झाल्यासारखं. म्हणून मला ते आवडले. मग त्यांनी सगळं स्वतःच दाखवलं: कुठला पॉइंट चालत नाही, कुठल्या खिडकीचं सरकतं दार अडकतं, स्वयंपाकघरात अजून जुने तारेचे किटकॅट फ्यूज आहेत. वीजबिलावर मंजूर भार बघून नवऱ्याने हिशेब केला की एसी आणि गीझर एकत्र लावायचे तर तो वाढवून घ्यावा लागेल. मामा घरभर रुपयाने भिंती वाजवत फिरले. चांगलं प्लास्टर टणटण वाजतं. सुटलेलं भदभद. दोन कानांनी एकदा फरक ऐकला की पुन्हा कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या आठवीतल्या मुलीने अर्ध्या तासात पॅसेजमधली पोकळ जागा शोधून पेन्सिलने गोल करून ठेवली. कपाटं हलवली. बेडच्या मागे बॅटरी मारली. सिंकखाली डोकं घातलं.

आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीशी देव्हारा होता. सागवानी, छताला टेकेल एवढा, बाजूला आजींचं आसन, समई, पोथ्यांचा गठ्ठा. आजी जप करत होत्या. मामांनी काठी दाराशी ठेवली, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे मागे फिरलो.

जुलैत भर पावसात पुन्हा एकदा गेलो. हाताची मागची बाजू भिंतींना लावून बघितली, तळव्यापेक्षा तिला गारवा लवकर कळतो. भिंती बऱ्या होत्या. देव्हाऱ्याला पुन्हा नमस्कार केला.

आता राहिला इमारतीचा सांगाडा, आणि इथे मला माझ्याच विषयाने गाठलं. माझा एक जुना विद्यार्थी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तो आला, जिन्याखाली मीटरच्या बोर्डाजवळच्या एका कॉलमची खपली आधीच निघाली होती तिथे त्याने सेक्रेटरींना विचारून छिन्नीने थोडं काँक्रीट फोडलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि बॅगेतून एक छोटी बाटली काढली.

"मॅडम, ओळखलंत?"

न ओळखायला काय झालं! फिनॉल्फ्थलीन, अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं. वीस वर्षं मी त्याचे थेंब चंचुपात्रात टाकतेय. त्याने ताज्या फोडलेल्या जागी फवारलं आणि आम्ही दोघं वाकून बघत बसलो. बाहेरच्या कडेचा साधारण पंधरा मिलिमीटरचा थर तसाच राखाडी राहिला. त्याच्या आत मात्र रंग उमटला, पिचकारी मारल्यासारखा, गडद गुलाबी.

त्याचा अर्थ असा. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) 12-13 च्या आसपास, आणि तोवर आतल्या लोखंडावर एक संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, चुन्याचा खडू करतो, सामू उतरतो आणि तो थर जातो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, तीच अभिक्रिया, फक्त तीस वर्षं चाललेली. गुलाबी म्हणजे काँक्रीट अजून जिवंत. रंग आला नाही म्हणजे तिथलं कवच गेलं. त्या कॉलममध्ये सळई जवळजवळ चाळीस मिलिमीटर आत होती, त्यामुळे गुलाबीत सुखरूप. "इथे तरी मिस्त्रीने कव्हर नीट ठेवलंय," तो म्हणाला, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. एका कॉलमवरून इमारत कळत नाही हेही त्याने बजावलं आणि सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागायला सांगितला. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचा पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा तो करायचा असतो. सेक्रेटरींनी तीन दिवस "कपाटाची चावी नाही" सांगितलं. चौथ्या दिवशी काकू माझ्यासोबत गेल्या, चावी सापडली. अहवालात दुरुस्त्या सांगितल्या होत्या, घर रिकामं करायला नव्हतं सांगितलं. महापालिकेच्या भाषेत सी-1 म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. आमची त्या यादीच्या जवळपासही नव्हती.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण तो भाग वकिलाने केला आणि आम्ही फक्त फी दिली. तीस वर्षांचा सर्च, बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करार एकामागोमाग, प्रत्येकाची सूची 2 (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र. एकच गोष्ट सांगते: वकिलाने बांधकाम परवानगीच्या झेरॉक्सवर विश्वास ठेवला नाही, महापालिकेच्या दप्तरात जाऊन तो नंबर ताडून बघितला. मला तेव्हा ती चेंगटपणाची हद्द वाटली होती. मग नोव्हेंबर 2024 मध्ये, आम्ही राहायला आल्यावर महिन्याभरात, डोंबिवलीतल्याच 65 इमारती पाडायचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश पेपरात आला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी केली होती. त्या घरांत राहणारे लोक माझ्या नेहमीच्या लोकलमधले. त्यांच्याकडे करार होते, बँकेची कर्जं होती, रेराचा नंबर होता. त्या दिवशी मी वकिलांना मिठाई पाठवली.

बाथरूमचे दोन लाख किमतीतून कमी झाले. ऑगस्टमध्ये नोंदणी झाली, सप्टेंबरमध्ये ताबा, आणि पहिला घाव बाथरूमवर. फरशा काढल्या, खालचा कोबा काढला. विटांचे तुकडे, चुना, सिमेंट यांचा तो थर इतका ओला होता की पोत्यांतून पाणी ठिबकत जिन्यावर रेघ उमटली. नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी पाइपाचा सांधाच नव्हता. पाइप नुसता ट्रॅपखाली टेकवलेला होता. म्हणजे 1994 पासून. नवा ट्रॅप, नवं वॉटरप्रूफिंग, आणि फरशी लावायच्या आधी मामांचा हट्ट: ट्रॅपचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायचं आणि 48 तास हात लावायचा नाही. पाण्याची पातळी खडूने भिंतीवर आखली. खालून काकू दर सहा तासांनी फोन करायच्या. "कोरडं." "अजून कोरडं." दुसऱ्या रात्री साडेअकराला, "झोपायच्या आधी बघून आले, कोरडं आहे." त्यांनी तो प्लास्टिकचा कागद मात्र आणखी महिनाभर काढला नाही.

आणि देव्हारा.

ताबा घेतला त्या दिवशी तो जागेवरून हलला. आजींनी देव पेटीत घालून मांडीवर घेतले, मुलगा त्यांना घेऊन गेला, टेम्पोवाल्यांनी देव्हारा उचलला. त्याच्यामागची भिंत मी सगळ्यात आधी डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखली. गारढोण, जुन्या विहिरीसारखा वास. देव्हाऱ्याच्या आकाराचा एक चौकोन, आणि त्या चौकोनात लोणा. पांढरी, मऊ, कापसासारखी बुरशी वाटावी असे मिठाचे तंतू, बोट लावलं की भुरभुर पडणारे. नखाने खरवडलं तर प्लास्टर वाळूसारखं आलं, थेट विटेपर्यंत. चौकोनाच्या बाहेर रंग व्यवस्थित. मी वही उघडली. 3 रा मजला, मागे, पश्चिम, पिंपळ.

मामांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, देवामागे कोण बघतं?"

त्या तंतूंची चिमूटभर पूड मी कॉलेजला नेली. बेरियम क्लोराइड घातल्याबरोबर पांढरा साका, आम्लात न विरघळणारा. म्हणजे सल्फेट. याचा दुरुस्तीला काडीचाही उपयोग नव्हता, पण राग कुठेतरी काढायचा असतो.

बाहेरून परांची बांधून माणूस चढला तेव्हा खरा प्रकार कळला. पिंपळाचं मूळ बिडाच्या पाइपाच्या जोडातून शिरून बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यात दीड-दोन फूट आडवं गेलं होतं. पावसाळ्यात नैऋत्येचं वारं पाऊस सरळ त्या भिंतीवर मारतं आणि पाणी मुळाच्या वाटेने आत. कुंडीत लावल्यासारखं वाढलेलं ते झाड सगळ्यांनी बघितलं होतं, मी तर लिहून ठेवलं होतं. पाइप बाहेरचा, म्हणून खर्च सोसायटीचा. त्यासाठी मी चार पत्रं लिहिली. नमुना काकूंनी दिला, त्यांच्या फाइलमधल्या पहिल्या पत्राचा. फक्त तारीख आणि मजला बदलला.

काम मार्चमध्ये मंजूर झालं, एप्रिलअखेर परांची उभी राहिली, मूळ काढलं, जोड भरला, बाहेरचं प्लास्टर झालं. रंग बाकी होता. आणि 2025 चा पाऊस मे महिन्यातच आला, 26 तारखेला मुंबईत दाखल, कोणी तयारच नव्हतं. परांची तशीच, रंगारी गावाला. मी रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी त्या भिंतीला हाताची मागची बाजू लावून बघत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गार लागली. नंतर पुन्हा कोरडी. सप्टेंबरपर्यंत तशीच राहिली, कधी संशय, कधी नाही. आतलं प्लास्टर आम्ही अजून केलेलं नाही, विटा उघड्याच ठेवल्यात. मामा म्हणतात आणखी एक पावसाळा बघू.

आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, पूर्वेच्या भिंतीवर आहे. लहानसा, दोन खिळ्यांवर टांगलेला, मागे हात जाईल एवढी फट ठेवून. गेल्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात एक जोडपं, सोबत एजंट नाही. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालाय. "ताई, तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का? खालच्या काकूंनी पाठवलंय."